दोन वैशाख

विरारकडची एक पोर सध्या प्लास्टरमध्ये पडून आहे, असं तिची आई परवा येऊन सांगून गेली. माझ्यासारखाच पाठीच्या मणक्याचा क्षय, आणि माझ्यासारखंच हनुवटीपासून कमरेखालपर्यंत पांढरं चिलखत. पोर कुणाशी बोलत नाही, नुसती आढ्याकडे बघत राहते. तू यातून उठलीस, तर तिला येऊन चार शब्द सांग, असं तिच्या आईचं म्हणणं. मी आधी हो म्हटलं. मग मला आठवलं, माझ्या उशाशी येऊन बसणाऱ्यांचा मला किती राग यायचा. आपल्याला मान वळवता येत नाही आणि समोरचं माणूस मजेत पाय हलवत आपल्याला धीर देतंय. म्हणून पोरी, मी येत नाही, तुलाच लिहून पाठवते. कंटाळा आला तर कागद पोटावर उपडा टाकता येतो. माणूस तसा टाकता येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या आचोळ्याला बोलताना ‘ण’ चालत नाही, पाण्याला पानीच म्हणतात. लिहिताना मी आठवणीने ‘ण’ घालते, तेवढं गोड मानून घे.

आधीचं

माझं माहेर तुंगारच्या डोंगराच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात भाताची कामं नसत, तेव्हा माझे बाबा मला घेऊन रानात जात. निमित्त काट्याकुट्या आणायचं, पण निम्मा वेळ उभं राहण्यात जाई. बाबा चालता चालता थांबत आणि बोट न दाखवता नुसते थांबून राहत. मग आपणच शोधायचं की हे कशासाठी थांबले. कधी कुड्याला पांढरी फुलं आलेली असत, कधी कोतवालाचं जोडपं घरट्यावर आलेल्या कावळ्याला टोचून टोचून हाकलत असे. एकदा आटत आलेल्या ओढ्यावर लांब पांढऱ्या शेपटीचं पाखरू पाण्याला शिवून वर गेलं आणि परत आलं, परत गेलं. आम्ही तिथे इतका वेळ उभे राहिलो की काट्या न घेताच घरी आलो आणि आईची बोलणी खाल्ली. झाडं पंचांग वाचत नाहीत, हे बाबांचं नेहमीचं वाक्य. ते पुढे लागणार आहे, ध्यानात ठेव.

लग्न होऊन आचोळ्याला आले, तर आमचे हे म्हणजे भाताचा माणूस. झाड म्हणजे सावली आणि पाखरू म्हणजे शेतातलं दाणे खाणारं, एवढीच यांची ओळख. पहिल्या उन्हाळ्यात मी करवंदांचं निमित्त काढून यांना रानात नेलं. नवरा-बायको दोघंच रानात फिरतात म्हणून गावाला महिनाभर चघळायला झालं. हे प्रत्येक पानाजवळ थांबत आणि विचारत, “ह्ये काय?” मी सांगे. परतताना त्याच झाडापाशी परत, “ह्ये काय?” मला हसू फुटे, आणि यांना राग येत नसे.

सगळ्यात शेवटी, आगोटीच्या तोंडाशी, आम्ही शेवळं आणायला जात असू. पावसाळा तोंडावर आला की त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. वळवाच्या दोन सरी पडल्या की झाडांखालच्या पाचोळ्यातून शेवळाचे तपकिरी कोंब वर येतात. त्याची भाजी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घालून अशी होते की माणूस बोटं चाटत राहतं. पण नुसतं शेवळ खाल्लं तर घसा असा खाजतो की बोलता येत नाही. त्याला उतारा काकडाचा. काकड हे उंच झाड, त्याची हिरवी आंबट फळं ठेचून भाजीत घालायची, मग खाज मरते. देवाने शेवळ खाली ठेवलंय आणि काकड वर. दोन्ही एकाच वेळी येतात, एकाच रानात. एक मिळालं आणि दुसरं नाही, तर हात हलवत घरी यायचं.

दुखणं

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, उसण भरली. सासूबाईंनी गरम मिठाने शेकलं, लेप लावले, कुणी सांगितलं म्हणून पायाळू माणसाकडून लाथही मारून घेतली. ती लाथ आठवली की मला अजून घाम फुटतो. पोखरलेल्या मणक्यावर लाथ! वाचले हे नशीब. तुझ्या घरी कुणी असलं काही सुचवलं तर त्याला सरळ दार दाखव, वडीलधारं असलं तरी.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस ओट्यावरून उतरताना डावा पाय माझा नसल्यासारखा वाकडा पडला. तेव्हा यांनी मुंबईचं इस्पितळ गाठलं. तो जेठ महिना होता, आणि त्या वर्षी आम्ही शेवळं आणली नव्हती.

डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. इथे हाड पोखरलंय म्हणाले. मला ऐनाच्या खोडातलं भुंग्याचं भोक आठवलं, बाकी काही समजलं नाही. यांनी एकच विचारलं, ती चालंल ना? डॉक्टर म्हणाले, आधी तिला निजू दे. हलली तर पाय जातील. वर्षभर हलली नाही आणि औषध लागू पडलं, तर चालेल. त्यांच्या बोलण्यात ‘तर’ फार होते. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. पैसा नको, पोर नको, पुण्य नको. मला माझ्या पायांनी चालायचं होतं.

प्लास्टर कसं घालतात ते तुला ठाऊक आहे. ओल्या पट्ट्या आधी गरम लागतात, मग गार, मग त्या आपल्या राहत नाहीत, त्यांचे आपण होतो. इस्पितळात पहाटे थर्मामीटर, मग तोंड पुसणं, मग ती भांडी, मग सुई. शेजारची बाई बरी झाली की आनंद होई आणि लगेच पोटात दुखे. हे खरं सांगते. दुसऱ्याच्या पायांचा मला मत्सर वाटे. पाय टेकवत दाराकडे जाणाऱ्या बाईकडे मी बघत नसे.

आणि खाज. पाठीवर खाज सुटली की वाटे, भिंत फोडून बाहेर पडावं. तिथे वटारची एक ख्रिस्ती सिस्टर होती. ती एकदा सुट्टीवरून परत येताना घरच्या वाडीतला माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पातीतली ताठ काडी, घेऊन आली, धुऊन, टोक घासून गुळगुळीत केलेला. तो प्लास्टरच्या आत सरकवून तिने माझी पाठ खाजवली. “डॉक्टरांना सांगायचं नाही हां,” एवढंच म्हणाली. मी रडले. उताण्या माणसाचं रडणं कानात जातं, ते तुलाही कळलं असेल. तू तुझ्या आईकडून हीर मागून घे, पण टोक नीट घासायला सांग.

फळीवर

दिवाळीच्या आसपास मला घरी आणून माजघरात फळीवर निजवलं. दिवसाआड कंपाउंडर सायकलवरून येऊन सुई टोचून जाई. बाकी दिवसभर मी आणि आढं. वाशाला किडा लागला होता, त्याचा भुगा माझ्या पापण्यांवर पडे. खिडकी होती, पण ती डोक्यामागे. तिच्यातून येणारा उजेड समोरच्या भिंतीवर सरकताना दिसे, खिडकी दिसत नसे. अंगणात कोण आलं, कोण गेलं, ते आवाजावरून ओळखायचं. जगाचा मला कान तेवढा उरला होता.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. माझं सगळं त्यांना करावं लागे, आणि ‘सगळं’ म्हणजे काय ते मी लिहीत नाही. कधी त्या भांडं आपटत. मग मी दोन दिवस पाणी कमी पीत असे, म्हणजे त्यांना कमी काम पडावं. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी तांब्या माझ्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “पानी पी. माझ्या आपटन्याकडं लक्ष नको देऊ. शेवळं निघाली की उठशील, मग तू आपट.” जेठ ते जेठ वर्ष भरणार, म्हणून शेवळं. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या उठण्याला तेच नाव पडलं.

कापणी-मळणी उरकली तसे हे रानात जायला लागले. मी सांगितलं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी पिशवी घेऊन आले आणि माझ्या तोंडावर काहीतरी लाल धरलं.

“ह्ये काय?”

सावरीचं फूल होतं. मी नाव सांगितलं. मग हे चार-आठ दिवसांनी जात आणि पिशवीतून एकेक काढून माझ्या डोळ्यांसमोर धरत. पळस आला, पांगारा आला. धायटीची फांदी आली, तिच्यातल्या मुंग्या माझ्या प्लास्टरमध्ये शिरल्या आणि सासूबाईंनी यांना पहिल्यांदा शिव्या घातल्या. पाखरं पिशवीत येत नाहीत, म्हणून यांनी आवाज काढून दाखवायला सुरुवात केली. यांचा तांबट भांडी घडवणाऱ्या कासारासारखा आणि यांचा हळद्या म्हणजे दमेकरी म्हातारा. शेजारी विचारत, घरात काय चाललंय? पण मला कळे. पाखरू कुठे बसलं होतं, कुठल्या झाडावर, शेपटी हलवत होतं की नव्हतं, हे मी खोदून खोदून विचारी. पुढच्या खेपेला हे ते बघून येत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या पिशवीची वाट बघे. एवढ्याशा पिशवीत एवढं मोठं रान यायचं आणि परत जायचं, आणि मी तिथेच. रोज आनंद झाला असं नाही. कधी मी म्हणे, नका आणू, मला बघवत नाही. तरी हे आणत.

धोंड्याचा महिना

चैत्रात मला फळीसकट बैलगाडीत घालून, आगगाडीच्या सामानाच्या डब्यातून पुन्हा मुंबईला नेलं. फोटो काढला. डॉक्टर यांच्याशी आत बोलले आणि मी बाहेर व्हरांड्यात छताकडे बघत राहिले. हे बाहेर आले ते डोकं खाजवत. म्हणाले, चांगलं हाये. जेठात या म्हनाले, मग काढू. मी सगळ्या देवांची नावं घेतली.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, तोही वैशाख. म्हणजे चैत्रानंतर एक वैशाख, मग पुन्हा वैशाख, आणि मग कुठे जेठ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी फळीवर आणि वर एक महिना फुकटचा. सासूबाई म्हणाल्या, धोंड्याच्या महिन्याला नावं ठेवू नये. माझी आई जावयाला द्यायला अनारसे घेऊन आली. यांनी मान खाली घालून ते खाल्ले. एरवी सासरच्या अनारशांची थट्टा केल्याशिवाय यांना घास उतरत नसे. माझ्या ते डोळ्यांत आलं, पण मनात आलं नाही.

पहिला वैशाख सरत आला तरी हिरवी करवंदं येत राहिली. कडक, चिकाची. मी म्हटलं, अजून पिकली नाहीत? हे म्हणाले, दोन वैशाख हायेत ना, म्हनून समदं लांबलंय. दुसरा वैशाख लागला. जांभळं आली ती हिरवी. आळूची फळं आली ती दगडासारखी. आता तूच सांग, डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली मी, झाडं पंचांग वाचत नाहीत हे ऐकत मोठी झालेली. आणि मी मानलं! मला बाबांचं वाक्य आठवत होतं, तरी मानलं. कारण मला जेठातच उठायचं होतं, आणि शेवळं जेठातच निघायला हवी होती. रानाने दोन वैशाख पाळले तर माझं काय बिघडत होतं?

पण एक गोष्ट खटकायची. यांनी पाखरांचं सांगणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणत, आज लक्ष नव्हतं. आवाज काढत नसत. मग एक दिवस सकाळी मला खिडकीबाहेरून पावशा ऐकू आला. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, असा वर वर चढत जाणारा. एकदा लागला की हा थांबत नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, “त्याला पन अधिक म्हैना कळला नसंल.” आणि लगबगीने बाहेर गेल्या. दुपारी सुक्या बोंबलांचा वास आला, तो शेजारच्या अंगणातून. आमची आगोटीची बेगमी यंदा त्यांच्याकडे का वाळते आहे, हे मी विचारलं नाही. प्लास्टरच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. हीर आत-बाहेर करून माझा हात भरून आला होता.

कौलं

आमचं घर नळीच्या कौलांचं. पावसाआधी दर वर्षी ती चाळावी लागतात, फुटकी काढून नवी बसवावी लागतात. नाथा नावाचा यांचा लांबचा भाऊ ते काम करी. बोलघेवडा आणि मनाचा साफ. तो यंदा आला तेव्हा हे शेतावर होते. त्याने विचारपूस केली नाही, शिडी लावली आणि वर चढला.

मी आढ्याकडे बघत होते. माझ्या अगदी नाकावरचं एक कौल हललं, सरकलं, आणि तिथे भोक पडलं. भोकातून उजेड आला नाही. उन्हाळ्यातलं पांढरं आभाळ मला अपेक्षित होतं, पण तिथे काळं होतं, समुद्राकडून आलेलं, भरलेलं. चैत्रातल्या बैलगाडीनंतर मी पहिल्यांदा आभाळ बघत होते. एक घार त्या काळ्यावरून गेली. मग त्या भोकात नाथाचं तोंड आलं.

“वैनी, जाग्या हायेत व्हय? धूळ पडंल हां. डोळे मिटा.”

मी म्हटलं, भाऊजी, पाऊस आलाय की काय? तो म्हणाला, आला का म्हणजे, आज-उद्या. मी म्हटलं, पण अजून जेठ लागला नाही, शेवळं निघाली नाहीत. नाथा हसला. म्हणाला, शेवळं आमच्याकडे तीनदा झाली, आता निबर व्हायला लागलीत. तुमच्याकडं नाय केली?

धूळ पडत होती आणि मी डोळे मिटले नाहीत. नाथा आपलं काम करत पुढे सरकला आणि ते भोक त्याने नवं कौल घालून बुजवलं.

हे आले तेव्हा मी विचारलं, रानात काय काय पिकलंय? यांनी वर बघितलं. नवं लाल कौल जुन्या काळ्यांत उठून दिसत होतं. मग खाली बसले, माझ्या फळीला टेकून. आता मला यांचा चेहरा दिसेना, फक्त आवाज येत होता.

“डॉक्टरनी आनखी एक वर्स सांगितलंय,” हे म्हणाले. “चैत्रातच सांगितलं.”

मी म्हटलं, आणि मला?

“तुला कसं सांगू ते कळंना. मग धोंड्याचा म्हैना आला, म्हटलं, एक म्हैना मिळाला. रोज वाटायचं उद्या सांगू. तू म्हनायचीस शेवळं निघाली की उठनार. म्हनून म्या शेवळं निघूच दिली नाय. दुसरं काय थांबवता येत व्हतं मला?”

रागाचं म्हणशील, तर एवढा राग मला आयुष्यात आला नाही. एक वर्ष आणखी. आणि हा माणूस मला हिरवी करवंदं चारत होता. मला उठून जायचं होतं, ते जमत नव्हतं. ओरडायचं होतं, तर छाती प्लास्टरमध्ये. बरं, रुसावं, तर रुसायलाही कूस बदलावी लागते, भिंतीकडे तोंड करावं लागतं. मला तेवढंही करता येईना. मी सासूबाईंना सांगितलं, माझ्या तोंडावर पंचा टाका. त्यांनी टाकला. पंचाखाली मी किती दिवस काढले, ते मोजले नाहीत. जेवायला तो वर करत, पाणी प्यायला वर करत, आणि पुन्हा टाकत. पंचाच्या विणीतून नवं कौल लालसर दिसे.

पंचाखालचे ते दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी यातून उठणारच नाही. डॉक्टर पुढच्या वर्षी पुन्हा एक वर्ष म्हणतील, हे पुन्हा डोकं खाजवत बाहेर येतील, नाथा दर वर्षी कौलं चाळील, आणि मी खालीच.

पंचा

सासूबाई एका सकाळी माझं अंग पुसत होत्या. त्यांनी पंचा काढला, पिळला, पण परत टाकला नाही. हळूच म्हणाल्या की लेक पिशवी भरून आणायचा, पिकलेलं समदं. मग गोठ्यात जाऊन म्हशीपुढे ओतायचा आणि हिरवं तेवढं निवडून घरात आणायचा. म्हशीची जीभ महिनाभर जांभळी होती. धार काढताना ती बघून त्या हसायच्या आणि मग पदर तोंडात धरायच्या. एवढं सांगून त्या बाहेर गेल्या.

म्हशीची जांभळी जीभ माझ्या डोळ्यांपुढे आली. माझी जांभळं, माझी करवंदं, सगळा उन्हाळा त्या म्हशीने खाल्ला होता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि प्लास्टरमध्ये दोन्ही नीट करता येईना.

हे आले तेव्हा मी म्हटलं, “सांगा आता. काय काय म्हशीला घातलं, आणि कुठलं पाखरू माझ्यापासून लपवलं. एकही गाळायचं नाही.”

मग हे बसले आणि सांगत गेले. करवंदं कुठल्या जाळीतली आधी काळी झाली. बहावा फुलून गळूनही गेला. ओढा पार आटला होता, तरी लांब शेपटीचं पाखरू तिथेच येत होतं, डबक्यावर. कोतवालाची पिल्लं उडाली. दोन वैशाखांच्या मध्ये एक सकाळ अशी आली की पाचोळ्यातून एक रंगीत पाखरू टुणटुण उड्या मारत आलं, हिरवं, पोटाखाली लाल, आणि दोनच सुरांत शीळ घालून गेलं. यांनी ती शीळ घालून दाखवली. पहिल्यांदाच यांचा आवाज बरोबर आला. तो नवरंग होता. पावसाच्या आधी येतो, बाबा मला दर वर्षी त्याच्यासाठी थांबवत.

“ह्ये कोन, ते मला तेव्हाच विचारायचं व्हतं तुला,” हे म्हणाले. “पन विचारलं असतं तर तुला कळलं असतं.”

फळ हिरवं तोडून आणता येतं. पाखराचं खोटं कसं सांगायचं, हे यांना जमलं नाही, म्हणून यांनी तोंडालाच कुलूप लावलं होतं.

त्या दिवशी मी एक अट घातली. पुढच्या वर्षी रानात हिरवं असेल तर हिरवं आणायचं, पिकलं असेल तर पिकलं. आणि डॉक्टर बोलतील तेही तसंच. बाई, तुझ्या घरच्यांनाही ही अट घाल. आपल्याला वाईट बातमीने मरायला होत नाही. आपण वाट बघण्याने मरतो, आणि वाट कशाची बघायची तेच जर खोटं असेल, तर फळीवर पडून दुसरं काय करायचं?

दुसरं वर्ष

दुसरं वर्ष पहिल्यासारखंच होतं, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. भुगा, भांडी, सुई, हीर. थंडीत मला वाटलं की डावा अंगठा हलतो, पण मी कुणाला सांगितलं नाही. हललाच नाही तर? आठवड्याने सांगितलं. सासूबाईंनी पायाशी बसून बघितलं आणि म्हणाल्या, हलतो. मग त्या तिथेच बसून राहिल्या, चुलीवर भात करपला तरी.

पिशवी येत राहिली, वेळेवर. जांभळं जांभळी आली. चैत्रात मला पुन्हा मुंबईला नेलं. डॉक्टर आत बोलणार होते, पण यांनी त्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात माझ्या फळीपाशी आणलं. डॉक्टर चिडले, मग हसले, आणि हाड भरलंय हे माझ्या तोंडावर सांगितलं. प्लास्टर कापलं तेव्हा आतून माझी कातडी निघाली, पापडासारखी. मी बसले आणि छत माझ्यापासून दूर गेलं. चालायला शिकायला आणखी दोन महिने लागले, पट्टा आणि काठी घेऊन. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली. ते मणके एकमेकांना चिकटून बरे झालेत. तू चालशील, पण वाकता येणार नाही, कधीच.

म्हणजे लावणी नाही, जाळीत घुसणं नाही, पाचोळ्यातून काही उचलणं नाही. त्याचं दुःख मला अजून होतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

पण जेठात आम्ही गेलो. गाडीने पायथ्यापर्यंत, आणि तिथून पायी, सावकाश. लोकांनी पुन्हा नावं ठेवली असतील. वळवाने भिजलेला पाचोळा पायाखाली वाजत नव्हता. मी गळ्यापर्यंतच्या पट्ट्यात ताठ, मान खाली घालता येईना, त्यामुळे जमिनीवर काय आहे ते मला दिसत नव्हतं. दोन वर्षं वर बघून बघून डोळ्यांनाही तीच सवय लागली होती. हे पुढे वाकून पाचोळा सारत होते. मग थांबले. बोट न दाखवता नुसते थांबले.

“ह्ये काय?” यांनी विचारलं. हातात शेवळाचा कोंब होता. यांना आता सगळं ओळखता येत होतं, तरी विचारलं.

“शेवळ,” मी म्हटलं. “पण काकड?”

हे इकडेतिकडे बघायला लागले. मी वर बघितलं. आमच्या डोक्यावरच होतं, घोसच्या घोस. मी काठी उचलून दाखवली आणि यांनी दगड मारून फळं पाडली. मी उभीच होते, खाली पडलेली फळं हे वेचत होते, आणि मी वरून सांगत होते, अजून दोन पलीकडे पडलीत.

संध्याकाळी सासूबाईंनी भाजी केली. दोन वर्षांत हात विसरला होता की काय कोण जाणे, त्यांनी काकडं कमी घातली. पहिल्याच घासाला घसा खाजायला लागला. मी यांच्याकडे बघितलं, तर यांचे डोळे पाण्याने भरलेले, आणि सासूबाई पदराने नाक पुसत होत्या. कुणालाच बोलता येईना. तरी आम्ही सगळी भाजी संपवली. दोन वर्षं खाज माझी एकटीची होती, त्या दिवशी ती सगळ्यांची होती.